एकशे बारा नंबरचा मालक

रामरावाच्या तीन पोरांत भुजंग धाकटा. थोरल्या दोघांनी जाफराबादकडची कापसाची शेती धरली. भुजंग बी.एस्सी. झाला, औरंगाबादेत कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि १९९१ साली जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत लागला. कंपनीने तेव्हा नुकतंच युनिक्सवर चालणारं एक मशीन घेतलं होतं. एका खोलीत मोठी पेटी आणि तिला जोडलेले चार पडदे. कुणीही कोणत्याही पडद्यापुढे बसावं, आपलं नाव घालावं, पासवर्ड घालावा आणि आपलं काम करावं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला किती अधिकार द्यायचे, हे सगळं भुजंगच्या हातात. पंचविशीतल्या माणसाला एवढी सत्ता पुष्कळ झाली.

कंपनीचे चाचणीचे प्लॉट बदनापूरच्या बाजूला होते. तिथे बाजरीच्या दीड-दोनशे लाइनी, म्हणजे निवड करून वेगळे धरलेले वाण, दरवर्षी पेरल्या जायच्या आणि त्यांच्या नोंदी ठेवायचं काम सांडूकडे होतं. सांडू धनगराचा. बाप मेंढरं घेऊन हिंडायचा. सांडू सातवीपर्यंत शिकला आणि बाजरीत रमला. पन्नाशी गाठली तरी पावलात मेंढपाळाची चाल होती, सगळ्यांच्या चार पावलं पुढं. कोणती लाइन कधी फुलोऱ्यावर आली, कोणत्या ओळीत किती कणसं रोगानं गेली, हे तो वहीत लिहायचा आणि प्रत्येक पानाच्या खाली सही करायचा. अक्षर मोत्यासारखं नव्हतं, पण एका पानावरची चूक त्याच पानावर दुरुस्त करायची, दुसऱ्या पानावर न्यायची नाही, असा त्याचा नेम होता.

१९९३ साली वरून हुकूम आला, की जुन्या वह्या सगळ्या कॉम्प्युटरात घाला. सांडू मंगळवारी आणि शुक्रवारी बदनापूरहून रेल्वेने जालन्याला यायला लागला. पिशवीत वह्या, भाकरी आणि चष्मा. पहिल्या दिवशी पडद्यासमोर बसला तो हात मांडीवर ठेवून. भुजंगने त्याला बोटं कशी ठेवायची ते दाखवलं, नावाची नोंद केली, पासवर्ड ठरवून दिला आणि मग एक गोष्ट सांगितली, जी तो प्रत्येकालाच सांगायचा, पण सांडूने जशी ऐकली तशी कुणी ऐकली नव्हती. प्रत्येक फाइलीला एक मालक असतो, असं तो म्हणाला. मालकाने ठरवायचं, ही फाइल कुणी वाचायची, कुणी बदलायची. तुम्ही ठरवलं तर तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ती उघडतासुद्धा येणार नाही.

सांडूने पडद्याकडे बोट केलं. "म्हंजी हे माझ्या नावावर हाय?"

"तुमच्याच नावावर, मामा."

"साहेबाला बी न्हाई घेता येत?"

भुजंगने हसून नाही म्हटलं. खरं तर भुजंगला स्वतःला सगळंच उघडता येत होतं, पण ते सांगायची त्याला गरज वाटली नाही. सांडूच्या घरात कुणाच्या नावावर कधी काही नव्हतं. जमीन नव्हती, घर गावठाणातलं, तेही भावाच्या नावे. त्याने आपल्या सगळ्या फाइलींना फक्त मालकापुरतं कुलूप घालून घेतलं आणि त्या दिवशी गाडीची वेळ झाली तरी उठेना.

महिनाभराने त्याने आणखी एक गोष्ट विचारली. वहीत तो पानाखाली सही करायचा, तसं इथं प्रत्येक फाइलीच्या शेवटी नाव टाइप करू का? भुजंग दुसऱ्या कामात होता. मान वर न करता त्याने सांगितलं, गरज नाही मामा, तुमचं नाव मशीनला ठाऊक आहे. आणि वह्यांचंही तसंच झालं. फाइली भरून झाल्या, भुजंगने आकडे ताडून पाहिले, सगळं बराबर निघालं, आणि गोदामातल्या वह्या ठेवायच्या की काय असं विचारायला माणूस आला तेव्हा भुजंगनेच सांगितलं की आता त्यांचं काम नाही. वह्या रद्दीत गेल्या. सांडूला ते कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की तुम्ही म्हणता तर मंग ठीक हाय.

त्या नोंदींत एक लाइन होती, चारशे सतरा नंबरची. १९८८ साली पाऊस धरून राहिला आणि बाजरीवर गोसावी पडला. गोसावी म्हणजे तो रोग, ज्यात कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका निघतो आणि दाणा एक येत नाही. सगळा प्लॉट गेला. सांडू ओळीओळीने फिरला आणि त्याला अकरा झाडं स्वच्छ सापडली. त्याने कुणाला न विचारता, दुसऱ्या झाडांचे पराग येऊ नयेत म्हणून, त्यांच्या कणसांवर कागदी पिशव्या चढवल्या, बी वेगळं धरलं, पुढल्या वर्षी रोगट ओळींच्या मधोमध मुद्दाम पेरलं, राहिली ती धरली, गेली ती उपटली. सहा वर्षं. पिशव्या बांधायला त्याची बायको गोपिकाबाई रोजाने यायची. पिशवी चढवताना कणीस मोडू नये म्हणून दोन बोटांत देठ कसं धरायचं, हे तिनंच बाकीच्या बायांना शिकवलं होतं. चारशे सतराला शेवटी गोसावी लागेनासा झाला. याची एकूण एक नोंद सांडूच्या फाइलींत होती.

मशीनची डिस्क लहान होती. जुन्या फाइली टेपवर नेऊन ठेवायच्या आणि डिस्कवरून काढायच्या, हे सारखं करावं लागे. मशीनबरोबर आलेली सोय भुजंगला पसंत नव्हती. टेप पुरायची नाही, वेळ फार जायचा. त्याने स्वतःच एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. चार महिने लागले. प्रत्येक फाइल टेपवर उतरवताना तिच्याआधी एक छोटीशी चिठ्ठी जायची: फाइलीचं नाव, आकार, तारीख, कुणाला काय परवानगी, आणि मालक. मालकाच्या जागी त्याने नाव घातलं नाही, नंबर घातला. मशीन स्वतःसुद्धा मालकाला नंबरानेच ओळखतं. नाव वेगळ्या यादीत असतं, कोणत्या नंबराचा माणूस कोण ते त्या यादीतून बघायचं. सांडूचा नंबर होता एकशे बारा. नाव यादीत आहेच, मग प्रत्येक चिठ्ठीत कशाला जागा घालवायची, असं भुजंगला वाटलं. हजारो फाइलींत बरीच जागा वाचत होती. औरंगाबादच्या त्याच्या जुन्या सरांना त्याने तो प्रोग्रॅम दाखवला आणि त्यांनी पाठ थोपटली. भुजंगने नोकरीत केलेल्या कामांत हे एक काम असं होतं, की ते आठवलं की त्याला आतून बरं वाटायचं.

१९९६ च्या पोळ्यानंतर सांडूला कावीळ झाली. आधी गावातलं औषध, मग बदनापूर, मग जालन्याचा दवाखाना. भुजंग दोनदा भेटायला गेला. दुसऱ्या खेपेला सांडूचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि तो कोणत्या ओळीला पिशव्या राहिल्यात ते सांगत होता. चौथ्या दिवशी गेला.

ऑफिसातून कागद आला: मयत कर्मचाऱ्याचं खातं बंद करावं. भुजंगने काम नीट केलं. सांडूच्या सगळ्या फाइली, दोनशे एकोणसाठ, टेपवर उतरवल्या. टेप वाचून पुन्हा तपासली. मग डिस्कवरून काढल्या, यादीतून नाव काढलं, टेपच्या डबीवर तारीख घालून कपाटात ठेवली. नाव काढायच्या आधी त्याने क्षणभर हात थांबवला होता. रडू आलं होतं, ते त्याने कुणाला दिसू दिलं नाही.

पुढच्या वर्षी मच्छिंद्र आला. एम.एस्सी. झालेला, शांत, जरा भिडस्त मुलगा. त्याला प्लॉट दिले, त्यात चारशे सतराही आली. भुजंगने त्याचं खातं उघडलं. नव्या माणसाला यादीतला पहिला रिकामा नंबर मिळावा, अशी सोय भुजंगनेच करून ठेवली होती. पडद्यावर नंबर उमटला, एकशे बारा. भुजंगने तो वाचला असेल किंवा नसेलही. त्याला नंतर कितीही आठवून ते आठवलं नाही.

१९९८ साली कंपनीने बाजरीचं नवं संकरित वाण बाजारात आणायचं ठरवलं. त्याच्या आई-बाप वाणांपैकी एक चारशे सतरा होती. मुख्य कचेरीला अहवाल पाठवायचा होता, त्यात निवड कुणी केली, नोंदी कुणाच्या, हे सगळं लागत होतं. व्यवस्थापक साहेब नवे होते, हैदराबादहून आलेले. सांडूला त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी भुजंगला सांगितलं, जुन्या नोंदी काढ आणि फाइलींची छापील यादी दे.

भुजंगने कपाटातून टेप आणली. दोन वर्षं पडून होती, वाचता येईल की नाही याची धाकधूक होती. प्रोग्रॅम चालवला आणि एकामागून एक फाइली डिस्कवर उतरायला लागल्या. एकही चूक नाही. दोनशे एकोणसाठच्या दोनशे एकोणसाठ. आकार जुळले, तारखा जुळल्या. भुजंगला इतका आनंद झाला की त्याने छपाईच्या मशीनवर यादी काढली, कागदाच्या कडा फाडल्या, फाइलीत लावली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. यादीत प्रत्येक ओळीवर मालकाचं नाव होतं. तो रकाना त्याने पाहिला नाही.

सप्टेंबरात प्लॉटवर शिवारफेरी ठेवली. गावोगावचे शेतकरी आले, मंडप पडला, मुख्य कचेरीचे मोठे साहेब आले. भुजंग मागच्या खुर्चीवर बसला होता. रोजाच्या बाया मंडपाच्या कडेला उभ्या होत्या, त्यात गोपिकाबाई आणि तिची मुलगी झुंबर. मोठ्या साहेबांनी सांगितलं, की गोसाव्याला न जुमानणारी ही लाइन आमच्या तरुण शास्त्रज्ञाने चिकाटीने तयार केली, आणि मच्छिंद्रला पुढे बोलावून शाल घातली. टाळ्या झाल्या. मच्छिंद्रची मान खाली होती. भुजंगला वाटलं, साहेबांची बोलण्यात चूक झाली. मग त्याला कडेला गोपिकाबाई दिसली. ती टाळ्या वाजवत नव्हती, रडतही नव्हती. ती भुजंगकडे बघत होती.

मंडप मोडत असताना ती त्याच्याकडे आली.

"भुजंगराव, त्यांचं नाव घेतलं न्हाई."

भुजंग म्हणाला, काहीतरी चुकलं असेल मामी, मी बघतो.

"मशिनीत तर त्यांचंच होतं ना? ते सांगत राह्यचे घरी. माझ्या नावावर हाय, साहेबाला बी उघडता येत न्हाई म्हणून. तुम्हीच सांगितल्तं त्यान्ला."

झुंबरने आईचा हात धरला आणि तिला घेऊन गेली.

भुजंग तसाच जालन्याला आला आणि मशीनपुढे बसला. यादी काढली. दोनशे एकोणसाठ ओळी आणि प्रत्येकीवर मालक मच्छिंद्र. प्रत्येकीला कुलूप, फक्त मालकापुरतं. ज्या फाइली सांडूने कुणी उघडू नयेत म्हणून बंद केल्या होत्या, त्या आता मच्छिंद्र आणि खुद्द भुजंग सोडून कुणाला उघडता येत नव्हत्या. भुजंगने आपला प्रोग्रॅम उघडला. चिठ्ठी तयार होते ती जागा त्याला शोधावी लागली नाही, पाठच होती. टेपवर सांडू कुठेच नव्हता. टेपवर एकशे बारा होता, आणि एकशे बारा आता मच्छिंद्र होता. मशीनने काही चुकवलं नव्हतं. जे सांगितलं तेच केलं होतं.

मग तो फाइली आतून बघायला लागला. कुठेतरी, एखाद्या कोपऱ्यात, सांडूने नाव टाकलं असेल. एकेक फाइल उघडून शेवटपर्यंत गेला. आकडे, तारखा, ओळींचे नंबर. पन्नासएक फाइली झाल्यावर त्याला आठवलं की नाव टाकू नका असं आपणच सांगितलं होतं. त्याने खुर्ची मागे सारली आणि तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो व्यवस्थापक साहेबांकडे गेला. सगळं सांगितलं, स्वतःची चूक पहिल्यांदा सांगितली. फाइलींच्या तारखा दाखवल्या: त्र्याण्णवच्या, चौऱ्याण्णवच्या, मच्छिंद्र तर सत्त्याण्णवला आला. साहेबांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. तुझं खरं असेल, ते म्हणाले, पण अहवाल गेला, माहितीपत्रकं छापून झाली, आता आपणच आपल्या नोंदी चुकीच्या म्हणायच्या तर सगळ्याच नोंदींवर संशय येईल. आणि तो माणूस आता नाही. भुजंगने लेखी अर्ज दिला. त्यावर पोच मिळाली, उत्तर आलं नाही. दुसरा दिला. तिसऱ्या वेळी साहेबांनी त्याला बसवून घेतलं आणि विचारलं, की असा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाच्या हाती कंपनीने मशीन ठेवावं का, हेही वर विचारलं जाईल, ते चालेल का? भुजंग चालेल म्हणाला. तरी काही झालं नाही.

मच्छिंद्रकडे तो शेवटी गेला. मच्छिंद्र प्लॉटवर होता. त्याने नाकारलं नाही.

"मी साहेबांना म्हणालो होतो, या नोंदी माझ्या न्हाईत," तो म्हणाला. "ते म्हणाले, कॉम्प्युटरात तुझं नाव आहे, सही कर. मी केली." मग म्हणाला, "मला वाटलं, तुमच्या मशीनला जास्त माहीत असेल."

भुजंगला त्याच्यावर चिडता आलं असतं तर बरं झालं असतं. महिन्याभरात मच्छिंद्रची बढतीवर हैदराबादला बदली झाली.

भुजंगने प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. आता चिठ्ठीत नंबराबरोबर नावही जायचं. फाइली परत उतरवताना आधी नाव बघायचं. त्या नावाचा माणूस यादीत नसेल तर फाइल दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, ती बिनमालकाची बाजूला ठेवायची आणि जुन्या मालकाचं नाव छापून दाखवायचं. गेलेल्या माणसाचा नंबर पुन्हा कुणालाही मिळणार नाही, असंही केलं. मग त्याने सांडूचं खातं परत उघडलं, पण कोणताच पासवर्ड चालणार नाही असं, म्हणजे कुणी आत येऊ नये. दोनशे एकोणसाठ फाइलींवर सांडूचं नाव चढवलं आणि नवी टेप केली. हे सगळं आठ दिवसांचं काम होतं. पहिल्या वेळी केलं असतं तर, त्याने हिशोब केला, एका दुपारचं होतं.

एका रविवारी तो बदनापूरला उतरला आणि चालत सांडूच्या घरी गेला. गोपिकाबाई दारात तूर पाखडत होती. तिने बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. भुजंगने यायच्या आधी ठरवलं होतं, की नंबर, टेप असलं काही बोलायचं नाही. पण बोलायला लागल्यावर दुसरं काही सांगण्यासारखंच नव्हतं. मामांच्या नावाच्या जागी मी आकडा ठेवला, असं त्याने सांगितलं. ते गेल्यावर तो आकडा दुसऱ्याला दिला. त्याच्याबरोबर मामांचं सगळं त्याच्याकडे गेलं. मच्छिंद्रने चोरलं नाही, साहेबांनी चोरलं नाही. हे माझ्या हातून झालं.

गोपिकाबाईने सूप खाली ठेवलं. "मंग आता परत त्यांच्या नावावर झालं का?"

"मशिनीत झालं, मामी."

"आन कागदावर?"

तिने वाट बघितली, मग मान हलवली, आणि सूप उचललं. आतून झुंबर म्हणाली, बाबांच्या वह्या तरी परत द्या, त्यात सह्या हायेत. भुजंगने त्या रद्दीत गेल्याचं सांगितलं. कुणी टाकल्या, हे झुंबरने विचारलं नाही. त्याने आपण होऊन सांगितलं.

तुरीची फोलपटं उडत होती. पाखडता पाखडता गोपिकाबाई म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलं न्हाई, ते कळतं मला. पण आता येत जाऊ नका. तुम्ही आले की मला ते गाडीला जाताना दिसतात, पिशवी घेऊन."

भुजंग उठला. तिने त्याला दारापर्यंतही पोचवलं नाही, आणि ते बराबरच होतं.

पुढल्या खरिपात गोपिकाबाई प्लॉटवर आली नाही. पिशव्या बांधायला दुसऱ्या बाया घेतल्या, त्यांना देठ धरायचं कुणी शिकवलं नव्हतं, कणसं मोडली. भुजंगने चौकशी केली तेव्हा कळलं, ती भावाकडे गेली आहे, त्याची मेंढरं वळते. वाण चांगलं चाललं. जालन्याच्या दुकानादुकानांतून त्याच्या पिशव्या मांडलेल्या असायच्या. पिशवीवर कुणाचंच नाव नव्हतं, कंपनीचं सोडून, पण भुजंग त्या रस्त्याने जाताना मान दुसरीकडे करायचा.

२००३ साली नवी मशीनं आली आणि जुनी पेटी भंगारात काढली. टेपा वाचणारं यंत्रही तिच्याबरोबर गेलं. सांडूची टेप भुजंगने घरी आणली. ती वाचू शकेल असं आता जालन्यात काही नव्हतं, आणि बायकोने विचारलं तेव्हा त्याने ऑफिसचं सामान आहे असं सांगितलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी त्याला कामासाठी बदनापूरला जावं लागलं. स्टेशनवर उतरला तर पलीकडच्या फलाटावर गोपिकाबाई उभी होती, बरोबर झुंबर आणि झुंबरच्या कडेवर मूल. गोपिकाबाई पार वाळली होती. तिने त्याला ओळखलं, यात शंका नव्हती. मधे दोन रूळ होते. त्याने हात जोडले. तिने पदर नीट केला, नातवाला झुंबरकडून घेतलं आणि गाडी येत होती तिकडे तोंड करून उभी राहिली. गाडी मधे आली. भुजंग ती सुटेपर्यंत थांबला, आणि मग गेटाकडे निघाला.